उजव्या नाकपुडीतले १४४ तास

या घटनाक्रमातला माणूस कुणी एक नाही. किडनी प्रत्यारोपणानंतर म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार झालेल्या रुग्णांच्या बाबतीत जे ज्या क्रमाने घडतं आणि जिथे जिथे वेळ वाया जातो, ते सगळं इथे एकाच माणसाच्या अंगावर घातलं आहे. मोहोळ तालुक्यातला, वय ४३, पशुखाद्याचं दुकान. साडेतीन वर्षांपूर्वी पुण्यात किडनी बसवली, ती आईची.

घड्याळ मात्र कल्पित नाही. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या डॉक्टरांनी रक्ताचा कर्करोग आणि म्युकर असं दुहेरी दुखणं असलेल्या ७० रुग्णांच्या नोंदी तपासून २००८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. अँफोटेरिसिन हे औषध वेळेत सुरू झालेल्यांपैकी ४८.६ टक्के रुग्ण १२ आठवड्यांत दगावले. ज्यांचं औषध ६ दिवस किंवा त्याहून जास्त लांबलं, त्यांच्यातले ८२.९ टक्के. सहा दिवस म्हणजे १४४ तास. आपण रविवारी सकाळी ७ ला शून्य धरू आणि तिथून मागे मोजू.

त्याही आधी

सकाळी ८ आणि रात्री ८ ला मोबाइलवर गजर वाजतो आणि तो गोळ्या घेतो: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, सकाळची प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड). साडेतीन वर्षांत एकही वेळ चुकलेली नाही. प्रत्यारोपणाच्या ओपीडीत अशा रुग्णाचं कौतुक होतं, आणि व्हायलाच हवं, कारण या गोळ्या चुकल्या तर शरीर परकी किडनी ओळखतं आणि मारून टाकतं. याच गोळ्यांनी दुसऱ्या वर्षी साखर वाढवली. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड एकत्र चालू असताना हे बऱ्याच जणांचं होतं. त्याचीही गोळी सुरू झाली.

परतीच्या पावसात दुकानाचा पत्रा गळला होता. सरकी पेंडीची सहा-सात पोती भिजली, तळाशी घट्ट ढेपा झाल्या, त्यावर करड्या रंगाची लव आली. त्याने ती पोती स्वतः फोडली आणि झटकून वाळत घातली. मास्क खिशात होता. बुरशी त्याच दिवशी आत शिरली, असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. म्युकर कुळातल्या बुरशींचे बीजाणू मातीत, शेणखतात, कुजक्या पाल्यात, शिळ्या भाकरीवर, सगळीकडे असतात, आणि तुमच्या-माझ्या नाकातही रोज जातात. नाकातल्या आणि फुप्फुसातल्या संरक्षक पेशी त्यांना रुजू देत नाहीत, एवढाच फरक. स्टेरॉइड या पेशींचे हात बांधतं आणि वाढलेली साखर बुरशीला पोसते.

सोमवार, सकाळी ७ (शून्याला १४४ तास)

उजवी नाकपुडी चोंदली आहे. त्याच बाजूचा गाल जड वाटतो, वरच्या दाढा ठणकतात. ताप नाही. थर्मामीटरमध्ये ९८.४. ताप नाही म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि तोही दुकान उघडतो.

वर्षानुवर्षं प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याबद्दल घरच्यांना एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन. ताप, सूज, लाली, दुखणं ही जंतूंची करामत नसते, ती शरीराच्या प्रतिकाराची निशाणी असते. प्रतिकारच दाबून ठेवला असेल तर निशाणीही दबते. अशा माणसाचा ९८.४ आणि शेजाऱ्याचा ९८.४ यांचा अर्थ एक नाही.

सोमवार, रात्री ९ (१३० तास)

गावातले डॉक्टर तपासतात. "सायनस आहे. हवा बदललीय, सगळीकडे चालूच आहे." वाफ, नाकात घालायचे थेंब, आणि पाच दिवस क्लॅरिथ्रोमायसिन.

निदान चुकीचं म्हणता येणार नाही. शंभरातल्या नव्याण्णव लोकांचं ते सायनसच असतं. घोटाळा गोळीत आहे. टॅक्रोलिमस यकृतातल्या ज्या विकरामुळे मोडतं, त्यालाच क्लॅरिथ्रोमायसिन अडवतं. रोजची गोळी तेवढीच राहते, पण रक्तातलं टॅक्रोलिमस चढत जातं. म्हणजे प्रतिकारशक्ती आणखी खाली, आणि किडनीवर ताण वेगळाच. प्रत्यारोपण केंद्रातून दिलेल्या फाइलच्या पहिल्या पानावर हे ठळक अक्षरांत छापलेलं असतं: आम्हाला विचारल्याशिवाय कुठलंही नवीन औषध घेऊ नका. फाइल घरी कपाटात होती. सर्दीला कोण फाइल घेऊन जातो?

मंगळवार, सकाळी ७ (१२० तास)

दाढी करताना उजव्या गालावर ब्लेड लागलं. रक्त गळ्यापर्यंत आलेलं त्याला आरशात दिसलं. लागलेलं कळलंच नव्हतं.

डोळ्याखालच्या हाडातून एक नस गालाच्या कातडीकडे येते. सायनसच्या साध्या सुजेत गाल दुखतो. तो बधिर झाला तर काहीतरी त्या नसेपर्यंत पोचलं आहे असं समजायचं. पुस्तकात हे धोक्याच्या लक्षणांत वरच्या क्रमांकावर आहे. घरात त्याचा अर्थ "दुखायचं कमी झालं" असा लागला.

बुधवार, दुपारी १ (९० तास)

दाढांसाठी तो दंतवैद्याकडे गेला. या सगळ्या प्रकरणात पहिली शंका घेतली ती यांनी. दाढा ठोकून पाहिल्या, एक्स-रे काढला, कीड नाही. मग एका बाजूची दाढ किंचित हलते आहे हे त्यांच्या लक्षात आलं. "डायबेटिस आहे का? कसल्या गोळ्या चालू आहेत?" किडनीचं ऐकल्यावर त्यांनी चिठ्ठी लिहून दिली: कान-नाक-घसा तज्ज्ञ, सोलापूर, आजच.

२०२१ च्या उन्हाळ्यात कोविडमागून म्युकर आला तेव्हा महाराष्ट्रातल्या बऱ्याच दंतवैद्यांनी हलत्या दाढा आणि काळे पडलेले टाळू रोज पाहिले. त्या वर्षी नोव्हेंबरअखेर देशात ५१ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, आणि गुजरात व महाराष्ट्र यादीत सगळ्यात वर होते. ती लाट ओसरली आणि लोकांनी आजारही तिच्यासोबत गेला असं धरलं. तो आधीही इथेच होता. चंदीगडच्या पीजीआयमधले तेव्हाचे बुरशीतज्ज्ञ अरुणालोक चक्रवर्ती यांच्या गटाने कोविडपूर्वीच अंदाज मांडला होता की भारतात हजार माणसांमागे ०.१४, म्हणजे जगातल्या सरासरीच्या सुमारे सत्तरपट, इतका म्युकर आहे.

चिठ्ठीवर "आजच" असं होतं. संध्याकाळी पेंडीचा ट्रक उतरायचा होता. तो उद्या जायचं म्हणाला.

गुरुवार, पहाटे ५ (७४ तास)

उजवी पापणी सुजून अर्धी मिटली आहे. बायकोने हातातला कप पुढे केला तर त्याला दोन कप दिसले. तिने मोबाइलचा टॉर्च लावून त्याला तोंड उघडायला लावलं. टाळूला उजवीकडे नखाएवढा काळा डाग होता. पेस्ट लागली असेल म्हणून तिने ओल्या रुमालाने पुसून पाहिला. निघाला नाही.

तो डाग म्हणजे बुरशी नव्हे, बुरशीने मारलेलं मांस. म्युकरचे तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसतात, आत रक्त गोठतं, वाहिनी बंद पडते आणि तिच्यावर पोसलेला भाग मरून काळा पडतो. या आजाराची सगळी क्रूरता इथे आहे. जिथे रक्त पोचत नाही तिथे शिरेतून दिलेलं औषधही पोचत नाही. म्हणून नुसत्या इंजेक्शनने भागत नाही, मेलेला भाग कापून काढावाच लागतो.

साडेनऊला पुण्यातल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरने फोन उचलला. तिने क्लॅरिथ्रोमायसिन बंद करायला सांगितलं, क्रिएटिनिन, साखर आणि टॅक्रोलिमसची पातळी करायला लावली. "वहिनी, निघा लगेच. पुण्यापर्यंत जमत नसेल तर आधी सोलापूर. पण आज."

गुरुवार, दुपारी ४ (६३ तास)

सोलापुरात सीटी स्कॅन झाला. अहवाल: उजव्या बाजूचा सायनुसायटिस, हाड शाबूत. शेवटच्या दोन शब्दांनी सगळ्यांना धीर आला. तो खोटा होता, कारण ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या वाटेने हाडाला वळसा घालून पुढे सरकते आणि हाड झिजलेलं दिसतं ते फार उशिरा.

शुक्रवार, सकाळी ११ (४४ तास)

नाकात दुर्बीण घातली. उजवीकडचा मांसल भाग काळपट-राखाडी पडलेला. सर्जनने चिमट्याने ओढलं तर रक्त आलं नाही आणि रुग्ण हललाही नाही. सर्जनला कळलं. त्यांनी बाहेर येऊन बायकोला स्पष्ट सांगितलं, "म्युकरची शंका आहे." तुकडा काढला आणि नर्सने पुढे केलेल्या बाटलीत टाकला.

बाटलीत फॉर्मालिन होतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण माझ्या मते या १४४ तासांतले सगळ्यात महाग तास इथे गेले, आणि कुणाच्या बेफिकिरीने गेले असंही नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये बायोप्सीची बाटली म्हणजे फॉर्मालिनची बाटली, हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की कुणी विचारतच नाही. फॉर्मालिनमध्ये पेशींची रचना टिकते, पण बुरशी मरते. मग त्या तुकड्यातून बुरशी वाढवून पाहता येत नाही. तुकडा पॅथॉलॉजीत जातो, मेणात बसवला जातो, पातळ काप होतात, रंग चढतो. घाई केली तरी एक-दोन दिवस. मध्ये रविवार आला की सोमवार.

दुसरी एक बाटली लागते, साध्या निर्जंतुक सलाईनची. त्यातला तुकडा सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत न्यायचा, काचपट्टीवर ठेवून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकायचे. मांस विरघळतं, बुरशीचे तंतू उरतात. मायक्रोस्कोपखाली रुंद, फितीसारखे, आत पडदे नसलेले आणि काटकोनात फुटलेले तंतू दिसले की म्युकर. डॉक्टर याला केओएच म्हणतात. तासाभराच्या आत होतं, आणि खर्च सीटीच्या पासंगालाही पुरत नाही. जिल्ह्याच्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत साहित्य असतं. फक्त तुकडा टाकण्याआधी कुणीतरी म्हणावं लागतं: थांबा, अर्धा सलाईनमध्ये.

शुक्रवार, रात्री ८ (३५ तास)

अहवाल आले. क्रिएटिनिन १.३ वरून २.४, म्हणजे किडनी मंदावलेली. साखर ३४६. टॅक्रोलिमस ५ ते ८ च्या दरम्यान असायला हवं, ते १९. बुरशीसाठी रक्ताच्या दोन तपासण्या केल्या होत्या, गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकॅन. दोन्ही निगेटिव्ह.

निगेटिव्हच येणार होत्या. या तपासण्या ज्या घटकांवर चालतात ते म्युकरच्या भिंतीत दखल घेण्याइतके नसतातच. तरी बुरशीची शंका म्हणून व्होरिकोनॅझोल सुरू झालं. ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीवर ते उत्तम औषध आहे, म्युकरवर चालत नाही, आणि वर टॅक्रोलिमस आणखी चढवतं. प्रत्येकाने काहीतरी केलं, आणि प्रत्येक गोष्टीला कारण होतं.

रात्री ११ ला रुग्णवाहिका पुण्याकडे निघाली.

शनिवार, पहाटे ३ (२८ तास)

पुण्यात अतिदक्षता विभाग. व्होरिकोनॅझोल बंद, इन्सुलिन सुरू. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने केसपेपरवर लिहिलं: ताजा नमुना, सलाईन, केओएच, सकाळी पहिलं काम. मध्यरात्री मायक्रोबायोलॉजीत कुणी नव्हतं. पाच-सहा तास असे गेले.

शनिवार, सकाळी ९.५० (२१ तास)

केओएच पॉझिटिव्ह. तंतू दिसल्याचं अहवालाआधी फोनवरून सांगितलं गेलं.

शनिवार, सकाळी १० ते दुपारी २

लायपोसोमल अँफोटेरिसिन, वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. वजन ६० किलो, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. बाटली ५० ची, म्हणून रोज सहा, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. रुग्णालयाच्या मेडिकलमध्ये दोन होत्या. उरलेल्यांसाठी धाकटा भाऊ मोटारसायकलवर पुण्यात फिरला. एका बाटलीला काही हजार रुपये. २०२१ च्या मेमध्ये हीच बाटली मिळावी म्हणून लोकांनी जिल्हाधिकारी कार्यालयांत रांगा लावल्या होत्या, आणि वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसमध्ये अँफोटेरिसिनचं इंजेक्शन बनायला लागलं ही तेव्हा पहिल्या पानाची बातमी झाली होती.

औषध जुनं आहे. १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते मिळालं. बुरशीच्या पेशीचं आवरण ते भोकसतं, पण किडनीलाही सोडत नाही. चरबीच्या सूक्ष्म थेंबांत गुंडाळलेल्या नव्या रूपात हा त्रास कमी होतो, संपत नाही. ज्याच्या अंगात एकच चालती किडनी आहे, तीही उसनी, त्याला हेच द्यायचं.

किडनीचे डॉक्टर बाहेर आले. आई बाकड्यावर बसली होती.

"मावशी, किडनी टिकवायच्या गोळ्या आपण आजपासून थांबवतोय. मायकोफेनोलेट पूर्ण बंद. टॅक्रोलिमसही तूर्त बंद."

"मग किडनी?"

"धोका आहे. पण गोळ्या चालू ठेवल्या तर तो वाचणार नाही."

ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. "माझ्याकडं आता एकच हाय," ती म्हणाली.

प्रेडनिसोलोन मात्र थांबवता आली नाही. वर्षानुवर्षं बाहेरून स्टेरॉइड घेतलेल्या शरीराला स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं जमत नाही. गोळी एकदम तोडली तर रक्तदाब कोसळून माणूस जायचा. मात्रा लागते तेवढीच ठेवली.

शनिवार, दुपारी २ (१७ तास)

अँफोटेरिसिनचा पहिला थेंब, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. सलाईनमध्ये हे औषध फाटतं, म्हणून डेक्स्ट्रोज.

सोमवारी सकाळी ७ पासून मोजलं तर १२७ तास झाले होते. सहा दिवसांच्या आत. ह्यूस्टनच्या आकड्यांत तो वेळेत उपचार मिळालेल्यांच्या गटात मोडला असता. त्या गटातलेही जवळपास निम्मे गेले होते, हे टक्केवारी वाचताना नजरेतून सुटतं.

शनिवार, संध्याकाळी ६ (१३ तास)

शस्त्रक्रिया साडेतीन तास चालली. उजवे सायनस, नाकातला मेलेला भाग, टाळूचा तुकडा. कापत जायचं ते कडेला लाल रक्त दिसेपर्यंत. डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या टोकाला ते दिसलं नाही. डोळा काढायचा का, यावर थिएटरमध्येच दोन मतं झाली. संध्याकाळी ५ पर्यंत त्या डोळ्याला बोटं मोजता येत होती. ज्या डोळ्याला दिसतं तो काढायला हात धजत नाही, आणि खोबणीतली बुरशी मेंदूत जाणार नाही याची हमीही कुणी देत नाही. २०१९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून म्युकरची मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. त्यात लवकर आणि पूर्ण शस्त्रक्रिया असं म्हटलेलं आहे. डोळा नेमका कधी काढायचा, हे प्रत्येक वेळी त्या खोलीतल्या माणसांनाच ठरवावं लागतं. डोळा ठेवला.

रविवार, मध्यरात्र १ (६ तास)

नर्सने पापणी उचलून बॅटरीचा झोत टाकला. बाहुली हलली नाही. नेत्रतज्ज्ञांना उठवलं. दृष्टिपटलाला रक्त पुरवणारी मुख्य रक्तवाहिनी बंद होती. त्याला विचारलं, उजेड कळतो का? तो म्हणाला, "लाईट गेलीय का?" दुसऱ्या डोळ्यावर तेव्हा पट्टी होती.

रविवार, पहाटे ४.३० (अडीच तास)

डोकं दुखतंय असं त्याने सांगितलं. उत्तर द्यायला वेळ लागत होता. भुलीची धुंदी असेल म्हणून नोंद झाली.

रविवार, सकाळी ७ (शून्य)

रक्तदाबाची पट्टी बांधण्यासाठी नर्सने डावा हात वर करायला सांगितला. हात वर गेला नाही. बोलणं जड झालं होतं, ओठ उजवीकडे ओढला जात होता.

एमआरआयमध्ये दिसलं ते असं: डोळ्यामागची मोठी शीर-पोकळी बुरशीने आणि गुठळ्यांनी भरलेली, तिच्यातून मेंदूकडे जाणारी उजवी मुख्य धमनी बंद, मेंदूच्या उजव्या बाजूचा मोठा भाग रक्ताविना. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो.

त्यानंतर

रविवारी दुपारी डोळा काढला. क्रिएटिनिन ४ च्या वर गेलं आणि लघवी कमी झाली. अँफोटेरिसिनची मात्रा कमी करावी का, असा प्रश्न राउंडमध्ये निघाला. किडनीचे डॉक्टर म्हणाले, करायची नाही, डायलिसिस लावू. रात्री लावलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये घातक बुरशींची पहिली यादी काढली तेव्हा म्युकर कुळाला पहिल्या नव्हे, दुसऱ्या गटात ठेवलं. जगाच्या हिशेबाने ते बरोबरही असेल. महाराष्ट्रातल्या डायलिसिस युनिटांत आणि प्रत्यारोपणाच्या ओपीडीत बसलेल्या माणसाला मात्र ती यादी आपल्याकडच्या आकड्यांशी ताडून वाचावी लागते.

सोमवारी सकाळी ११ ला धाकट्या भावाच्या मोबाइलवर सोलापूरच्या प्रयोगशाळेचा फोन आला. बायोप्सीचा अहवाल तयार आहे, न्यायला कोण येणार? त्याने विचारलं, काय आलंय? पलीकडच्या मुलीने वाचून दाखवलं: म्युकरमायकोसिसशी सुसंगत. खाली पॅथॉलॉजिस्टची टीप होती, तीही तिने वाचली: खात्रीसाठी ताजा नमुना फॉर्मालिनशिवाय पाठवावा.